मेरिमच्या नावाचा तुकडा

काट्यावर चढण्याआधी अनिपा एजे कानातले काढायच्या. मग अंगठी. मग डोक्यावरचा रुमाल, मग लोकरीचे मोजे. एका सोमवारी त्यांनी खालच्या दातांची कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

मी म्हटलं, "एजे, आता फक्त जीव काढून ठेवायचा राहिलाय."

"तो वजनात धरतात का?" बोळक्या तोंडाने त्यांनी विचारलं. विचारलं म्हणजे खरंच विचारलं.

मी आमच्या गावच्या दवाखान्यातली परिचारिका. अनिपा एजे माझ्या आईच्या वयाच्या, पण धाकट्यांनी हाक मारावी तशी एजे, मोठी बहीण, हीच हाक मी लहानपणापासून मारत आले. गावातल्या विजेच्या मीटरवरचे आकडे टिपायचं काम त्यांच्याकडे. दोनशे साठ घरं, महिनाभर पायी. सगळ्यांची कुत्री त्यांना ओळखायची.

काट्यावर चौऱ्याण्णव किलो सहाशे. मागच्या सोमवारी तेच. त्याच्या मागच्या सोमवारीही तेच.

"तुझा काटा गोठलाय," त्या म्हणाल्या. "जानेवारी आहे. सगळंच गोठलंय."

मी स्वतः चढून दाखवलं. माझं वजन माझ्याएवढंच भरलं. त्या बाकावर बसल्या, कवळी घातली आणि मोजे चढवता चढवता मध्येच थांबल्या. एक मोजा हातात, एक पाय उघडा.

"एलनुरा, मी काय करू गं आता?"

एजेंची मुलगी मेरिम एकवीस वर्षांची. दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिचा बाप कुबात तिला गाडीत घालून नारिन शहरातल्या इस्पितळात न्यायचा, चार तास यंत्राला जोडलेली ठेवायचा आणि परत आणायचा. कुबातचं रक्त तिच्याशी जुळत नव्हतं. धाकटा भाऊ अजून लहान, बाहेरगावी शाळेत. जुळलं ते फक्त आईचं. एवढं छान जुळलं की राजधानीतला डॉक्टरही हसला. मग त्याने एजेंना काट्यावर उभं केलं आणि हसायचा थांबला.

"सत्त्याण्णव," तो म्हणाला. "मला पंच्याऐंशी हवेत. तुमची एक किडनी काढल्यावर उरलेल्या एकीवर सत्त्याण्णव किलोचा संसार टाकता येणार नाही. आज तुम्हाला टेबलावर घेतलं तर वर्षभरात मुलीच्या शेजारच्या यंत्रावर तुम्ही असाल."

ते ऑक्टोबरमध्ये. एप्रिलच्या मध्यावर डॉक्टरांची समिती बसणार होती. तोवर पंच्याऐंशी. त्याने एक वही दिली. रोज जे खाल ते लिहा, त्याच्या किती कॅलरी ते लिहा आणि शेजारी पोट किती भरलं ते दहापैकी लिहा. वही दर सोमवारी मी तपासायची आणि त्याला फोनवर कळवायची.

एजेंनी लिहिलं. मीटरचे आकडे टिपणारी बाई, तिच्या अक्षरात खाडाखोड नाही. नोव्हेंबरात अठराशे कॅलरी. वजन एक किलोने उतरलं. मग पंधराशे, मग नाताळाच्या सुमारास बाराशे. उतरलं, थांबलं. मग डॉक्टरला न विचारता हजार. आणि आता आठशे.

त्याच संध्याकाळी मी मेरिमचं इंजेक्शन द्यायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा जेवण चाललं होतं. नोव्हेंबरात कापलेल्या घोड्याचं मांस, हाताने लाटलेल्या शेवया, वर कांद्याचा रस्सा. घमघमाट अंगणापर्यंत. ताटाला भिडलेला माणूस मात्र एकटा कुबात. मेरिमला मीठ चालत नाही, बटाटा चालत नाही, पाणी मोजून. एजेंच्या पुढ्यात एक बशी आणि बशीत चौदा शेवया. मी मोजल्या नाहीत, त्याच मोजत होत्या.

कुबात म्हणाला, "मला गळ्यातून उतरत नाही. दोघी अशा बघताय जसं काही मीच शेवटचा घोडा खातोय."

"खा तुम्ही," एजे म्हणाल्या.

"काल मी गोठ्यामागे जाऊन बोरसोकी, तळलेल्या पिठाच्या पुऱ्या, खाल्ल्या. गाईसमोर. तिनेसुद्धा तोंड फिरवलं."

मेरिम हसली. हसल्यावर तिच्या डोळ्यांखालची सूज अजून दिसायची. तिने आईच्या बशीत स्वतःच्या बशीतला मांसाचा तुकडा टाकला. एजेंनी तो परत टाकला. मेरिमने पुन्हा टाकला.

"आई, तू मेलीस तर तुझी किडनी घेऊन मी करू काय? शेवया कोण लाटणार?"

"गप्प बस आणि खा."

"तू खा."

"मी पंच्याऐंशीची झाले की खाईन."

एजेंची नाडी बघितली तर नको तितकी मंद. घरी आले तेव्हा वही माझ्यासोबत होती, पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतली. सकाळी, पोट दहापैकी दोन. संध्याकाळी, दहापैकी तीन. दुपारच्या रकान्यात रोज काही नाही, खाण्यासमोर नुसती आडवी रेघ. आणि पोटासमोर रोज आठ. कधी नऊ.

उपाशी माणसाचं पोट दुपारी नऊ कसं?

मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या, "चालताना भूक लागत नाही गं. थंडीत मन कामात असतं."

मला ते पटलं नाही. गोवराच्या लशी द्यायला मला घरोघर जायचंच होतं. म्हटलं, बुधवारी तुमच्याबरोबर येते.

पहिलं घर सुताराचं. कुत्रं शेपूट हलवत आलं. एजेंनी खांबावरचा मीटर बघितला, आकडा टिपला. तेवढ्यात सुताराची बायको नान घेऊन दारात, दुसऱ्या हातात सायीची वाटी.

"एजे, तुकडा मोडून जा."

"घाई आहे गं."

"घाई कुणाला नाही? मेरिमच्या नावाचा तुकडा. लेकरू बरं होऊ दे."

एजेंनी नानचा तुकडा मोडला, सायीत बुडवला, तोंडात टाकला, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मीही मोडला. मला सकाळी सकाळी साय चालत नाही, मी कोरडाच कोटाच्या खिशात टाकला.

दुसऱ्या घरी लोणी. तिसऱ्या घरी जर्दाळूचा मुरंबा. चौथ्या घरची म्हातारी चुलीपुढून उठू शकत नव्हती, तिने आतूनच ओरडून सांगितलं, "अनिपा, आत ये, मेरिमच्या नावाचा तुकडा मोडल्याशिवाय गेलीस तर मीटर फोडीन." एजे आत गेल्या. पाचव्या घरचा म्हातारा म्हणाला की आमच्या सुनेचा नान जळलाय, जळका खाल्ला तर दुवा लवकर लागतो. सगळे हसले. एजे जळका खाऊन आल्या.

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला नानला हात लावल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही, आणि त्याला कुणी खाणं म्हणत नाही. मीही म्हणत नव्हते. मी त्याच गावची. पाचव्या घरापर्यंत माझ्या डोक्यात काही आलं नाही. अकराव्या घरी खिसा फुगून कोटाचं बटण तुटलं, तेव्हा आलं.

दुपारी चारला आम्ही दवाखान्यात परतलो. एकोणीस घरं झाली होती. मी तान्ह्या बाळांचं वजन करायचा काटा टेबलावर घेतला आणि खिसे रिकामे केले. तुकड्यांचा ढीग पडला. चारशे दहा ग्रॅम.

"हे काय?" एजेंनी विचारलं.

"मी एकोणीस घरी जे मोडलं ते. तुम्ही यापेक्षा मोठे मोडता. आणि तुमच्याला साय होती, लोणी होतं."

"मग?"

"नुसत्या नानच्या हजारावर कॅलरी होतात, एजे. वहीत आठशे. हे हजार कुठे लिहिलेत?"

"हे कशाला लिहू? हे खाणं आहे का?"

"पोटाला काय माहीत?"

त्यांनी ढिगाकडे बघितलं. एक तुकडा उलटा पडला होता, तो हाताने सुलटा केला. मग म्हणाल्या, "चार महिने मी घरात कुबातला चोरून जेवायला लावलं. आणि दिवसभर गावभर खात हिंडले?"

"माझ्यासारखे खिशात टाका."

"तुझे टाक तू. मेरिमच्या नावाचा तुकडा मी खिशात टाकू? समोरचं माणूस तळवे पसरून दुवा मागतंय आणि मी म्हणू, थांब, नंतर बघते?"

"मग नको म्हणा."

"तुला मूल नाही," त्या म्हणाल्या.

मला लागलं ते. पण खरं होतं.

गुरुवारी त्या नको म्हणाल्या. पहिल्यांदा बुरुल आपांच्या दारात. बुरुल आपा ऐंशीच्या, आणि त्यांचा एकुलता मुलगा डायलिसिस यायच्या आधीच्या काळात असाच किडन्या जाऊन मेलेला. त्यांनी तुकडा पुढे केला. एजे म्हणाल्या, "आपा, आज नको." कारण सांगायला लागल्या, वजन, डॉक्टर, वही. म्हातारीला ऐकू कमी येतं. तिला एवढंच कळलं की नको.

"माझ्या घरचा नको?" बुरुल आपा म्हणाल्या. "जिचा मुलगा गेला तिच्या हातचा नको?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. अनिपाला आता आमचे नान चालत नाहीत. लेकीचं ऑपरेशन राजधानीत होणार ना, नाक वर गेलंय.

आणि त्याच गुरुवारी नारिनला यंत्रावर असताना मेरिमचा रक्तदाब पडला. असा पडला की दोन डॉक्टर धावले. कुबातने फोन केला तेव्हा एजे खांबाखाली उभ्या होत्या.

शुक्रवारी एजे वही न घेता निघाल्या. वाटेतल्या प्रत्येक घरात गेल्या, मीटर बघितला की नाही कुणास ठाऊक. बावीस घरी तुकडे मोडले. बुरुल आपांकडे दोन. मला कळलं ते दवाखान्याच्या मागच्या भिंतीपाशी त्यांना ओकताना बघितल्यावर.

मी त्यांची पाठ धरून उभी राहिले. बर्फावर सगळं सांडलं.

"नानसुद्धा राहिला नाही पोटात," त्या रडत म्हणाल्या. "खाल्ला तर वजन उतरत नाही. नाही खाल्ला तर ती मरते. सांग ना, तू शिकलीस, सांग."

रक्तदाब यंत्राने अंगातलं पाणी जास्त काढल्याने पडला, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं नाही.

पटवलं मेरिमने. मी तिला सगळं सांगितलं, ढिगापासून ओकण्यापर्यंत. ती ऐकत होती, आई कोपऱ्यात पाठ करून बसलेली.

"आई, गावाच्या दुव्याने किडनी आली असती तर आतापर्यंत मला चार झाल्या असत्या," ती म्हणाली. मग उठली, बापाचा मोठा कोट अंगात घातला. "आणि तुकडा माझ्या नावाचा ना? मग तू का खातेस?"

"म्हणजे?"

"माझ्या नावाचा आहे तर माझ्या तोंडात जाऊ दे. चल."

तिला दहा पावलांवर धाप लागायची. कुबातने गाडी काढली. बुरुल आपांच्या दारापर्यंत गाडी, तिथून आत आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून. मेरिम म्हातारीच्या कानाला तोंड लावून ओरडली, "आपा, माझा तुकडा माझ्या हातात द्या. आई हावरट आहे, वाटेतच खाते."

बुरुल आपांनी तिच्याकडे बघितलं. सुजलेल्या डोळ्यांकडे, हातावरच्या सुयांच्या गाठींकडे. त्यांनी नान आणला. मेरिमने स्वतः तुकडा मोडला, नखाएवढा, आणि खाल्ला. म्हातारीने तळवे पसरले आणि दुवा मागताना स्वतःच्या मुलाचं नाव घेतलं. चुकून की मुद्दाम, माहीत नाही. मेरिम म्हणाली, "आमेन."

त्यानंतर डायलिसिस नसलेल्या दिवशी गाडी एजेंच्या मागे मागे चालायची. बायका गाडीच्या काचेशी यायच्या. मेरिम नखाएवढा तुकडा मोडायची, बाकीचा बापाला. कुबातचं वजन महिन्यात चार किलो वाढलं. तो म्हणायचा, घरातलं वजन घरातच राहिलंय.

पण एजेंना खरी भूक कळली ती आता. आठशे म्हणजे आता खरोखर आठशे. तिसऱ्या दिवशी शाळेसमोरच्या खांबाशी त्या खाली बसल्या आणि उठता येईना. मुलांनी मला बोलावलं. मी डॉक्टरला फोन लावून सगळं खरं सांगितलं. तो बराच वेळ शिव्या देत होता, आधी मला, मग एजेंना, मग डोंगरातल्या सगळ्या लोकांना.

"पंधराशे," तो म्हणाला. "एक कमी नाही."

एजेंनी फोन घेतला. "डॉक्टर, पंधराशेवर मी उतरले नव्हते."

"पंधराशे तुम्ही खाल्लेच कधी? दोन अडीच हजार खात होतात. आता पंधराशे खा, पण असे खा की पोट भरेल. उकडलेलं मांस, चरबी काढून. चवळी. कोबी. अंडी. ताक. शेवया नको, बटाटा उकडून चालेल. उपाशी राहिलात तर चौथ्या दिवशी गावभर खाल. मला भरल्या पोटाची बाई हवी."

एजेंना हे समजायला वेळ लागला. दुपारी त्या कुणाच्या तरी अंगणातल्या बाकावर बसून डबा उघडायच्या आणि बायका कुंपणावरून विचारायच्या, अनिपा, वजन उतरवतेस की भरतेस? मोठा वाडगा कोबी, वर मांस, वर चवळी. त्या सावकाश चावायच्या. पहिल्या आठवड्यात वहीत आलं, पोट सात. दुसऱ्या आठवड्यात आठ. काटा हलला. त्र्याण्णव. मग ब्याण्णव. त्या कवळी काढायच्या विसरल्या.

तरी दिवस कमी होते. हे आम्हा दोघींना मार्चमध्येच दिसत होतं. दर सोमवारी किलो, कधी त्याहून थोडं जास्त. बोटांवर मोजलं तरी पंच्याऐंशी निघत नव्हते. मेरिमचा चेहरा आता संध्याकाळी मातीच्या रंगाचा व्हायचा. शनिवारी यंत्रावरून आली की रविवारभर भिंतीकडे तोंड.

समितीच्या आदल्या सकाळी राजधानीला निघायच्या आधी एजे दवाखान्यात आल्या. काटा म्हणाला पंच्याऐंशी दोनशे. मागच्या आठवड्यात सत्त्याऐंशी होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओठ सोलवटलेले, जीभ कोरडी, बोलताना टाळूला चिकटत होती.

"पाणी कधी प्यायलात?"

"पितेय की."

"एजे."

"शुक्रवारी."

आज मंगळवार होता.

मी ओरडले. दवाखान्यात आयुष्यात पहिल्यांदा. "उद्या ते तुमचं वजन बघणार नाहीत, किडनी बघणार आहेत. रक्त काढतील. पाण्याविना चार दिवस, अशी सुकवलेली किडनी दाखवणार त्यांना? बघताच म्हणतील, ही बाई बाद. कायमची बाद."

"आणि पाणी प्यायले तर?"

"तर वजन शहाऐंशीच्या वर जाईल. सत्त्याऐंशीसुद्धा."

"म्हणजे तरी बाद."

"उद्यापुरती."

"उद्यापुरती," त्या म्हणाल्या. "मेरिमकडे किती उद्या आहेत, एलनुरा?"

मी ग्लास भरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि बघत राहिल्या. बाहेर कुबात गाडीचा भोंगा वाजवत होता, मेरिमला वाटेत नारिनला यंत्रावर सोडायचं होतं. मग त्या प्यायल्या. रडत प्यायल्या, म्हणून अर्धा सांडला. मी दुसरा भरला. तिसरा भरला. डब्यात मांस आणि अंडी होती, तीही त्यांनी माझ्यासमोर उभ्याने खाल्ली, एकेक घास मुकाट्याने चावत.

समितीच्या काट्यावर शहाऐंशी नऊशे भरले. रक्त स्वच्छ निघालं. डॉक्टरने वही शेवटच्या पानापर्यंत वाचली, शाळेसमोर बसल्याची नोंदसुद्धा. म्हणाला, बाई योग्य आहे, वजन अजून नाही. पुढची समिती मे महिन्याच्या अखेरीस. एजेंनी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "माझ्या हातात असतं तर..." आणि वाक्य सोडून दिलं.

दीड महिना.

पुढच्या गुरुवारी गाडीत जागा होती म्हणून मी नारिनला गेले. मेरिम यंत्राला जोडलेली, डोळे मिटून. बारा वाजले तशी एजेंनी खुर्ची ओढली आणि डबा उघडला. कोबी, मांस, चवळी. त्यांना अजिबात खायचं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. चमचा तोंडापर्यंत जायचा आणि थांबायचा.

तिथली परिचारिका आली. "आजी, इथे खायचं नाही. बाहेर जा. लोक आजारी आहेत, वास येतो."

एजे उठायला लागल्या. मेरिमने डोळे न उघडता मोकळ्या हाताने त्यांचा कोट धरला.

"तिला खाऊ द्या," ती म्हणाली. "माझं औषध आहे ते."

परिचारिकेने माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. मग चाकांचा पडदा ओढून आमच्या बाजूला लावला आणि निघून गेली. एजे पडद्याआड भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि चावत राहिल्या. डबा रिकामा व्हायला पाऊण तास लागला. मग त्यांनी वही काढली, चष्मा लावला, दुपारच्या रकान्यात पाचशे चाळीस लिहिलं आणि शेजारी पोट दहापैकी किती लिहावं याचा विचार करत पेन हातात धरून थांबल्या.